कॅबिनेट घेताना आधी हवेचा रस्ता बघा



या वेळी सीमेवरचं काही नाही. वाराणसीच्या छावणीत बदली होऊन आल्यापासून रविवारची सुट्टी मिळाली की मी संध्याकाळी राजा घाटावर जाऊन बसतो. नारद घाटाला लागूनच हा घाट आहे. पायऱ्यांच्या वर उंच दगडी भिंत आहे, आणि ती बघितली की मराठी माणसाला आपल्याकडचाच एखादा वाडा नदीला पाठ टेकून बसल्यासारखा वाटतो. त्याला कारणही आहे. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे १८०३ साली इंग्रजांशी करार करून, वर्षाला सात लाखांची पेन्शन घेऊन उत्तरेत आले. हा घाट दगडात पक्का झाला तो त्यांच्यामुळे, आणि पूर्वी त्याला अमृतराव घाटच म्हणत. आपल्यासारख्या पेन्शनकडे डोळे लावून बसलेल्यांना ही जागा जवळची वाटली तर नवल नाही.

आजचा विषय मात्र पेशव्यांचा नाही, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा आहे. हसू नका. आपल्यातले कितीतरी जण निवृत्तीच्या पैशातून किंवा सुट्टीवर घरी गेल्यावर मुलासाठी कॉम्प्युटर घेतात. प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणतं, यावर आठवडाभर चर्चा होते. कॅबिनेट मात्र शेवटच्या पाच मिनिटांत, दिव्यांचा रंग बघून निवडलं जातं. मीही तेच केलं होतं, ते पुढे सांगतोच. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या हवामानात कॅबिनेट हा डबा नाही, तो अख्ख्या मशीनचा एअर क्लीनर आणि रेडिएटरची जाळी आहे. तो चुकला तर आतला महागडा माल कुचकामी होतो.

घाटामागच्या गल्लीत एका मराठी काकांचं घर आहे. चार पिढ्यांपासून काशीत, पौरोहित्य करतात. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची सोय बघतात. ओळख झाली ती मी घाटावर फोनवर घरी मराठीत बोलत होतो म्हणून. तेव्हापासून काकू मला चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांच्या मुलानं पूजा सांगायचा मार्ग धरला नाही. तो लग्नाचे, मुंजीचे आणि यात्रेकरूंच्या पूजेचे व्हिडिओ करून देतो. त्यासाठी त्यानं कर्ज काढून दीड लाखाचा कॉम्प्युटर जुळवून घेतला. काकांचा याला विरोध होता, पण पोराच्या हट्टापुढे गप्प बसले.

मे महिन्यात एका रविवारी गेलो तर घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. कॉम्प्युटर दर तासा-दीड तासाला आपोआप बंद पडत होता. एका लग्नाचा व्हिडिओ चार दिवसांपासून अडकला होता. मुलीकडचे रोज फोन करत होते, उरलेले पैसे देणार नाही म्हणत होते. एका दुरुस्तीवाल्यानं मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं होतं, दुसऱ्यानं ग्राफिक्स कार्ड. खर्च पस्तीस हजारांच्या पुढे. काका मला म्हणाले, “सुभेदारसाहेब, तुम्ही फौजेत मशीनं दुरुस्त करता ना? जरा बघा हो. नाहीतर हा आता सुरतला नोकरीला जातो म्हणतोय.”

माझा ट्रेड गाड्यांचा. कॉम्प्युटरचा मी डॉक्टर नाही. पण ईएमईत पहिल्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात ठोकली जाते: गाडी दमली, इंजिन तापलं, तर इंजिन उतरवायच्या आधी एअर क्लीनर आणि रेडिएटर बघा. जैसलमेरकडे असताना ज्या गाड्यांबद्दल “इंजिन गेलं” असा रिपोर्ट यायचा, त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या जाळीत नुसती वाळू असायची, नाहीतर कुणीतरी कॅमोफ्लाजची जाळी रेडिएटरवरूनच ओढलेली असायची. म्हणून मी पोराला म्हणालो, “बाळा, आधी मला सांग, यात हवा शिरते कुठून?”

त्याला सांगता येईना. कॅबिनेट देखणं होतं यात शंका नाही. समोर पूर्ण काळी काच, तिच्यामागे रंग बदलणारे तीन पंखे. बाजूलाही काच. हवा आत येण्यासाठी समोरच्या काचेच्या दोन्ही कडांना उभी फट होती, जेमतेम एक सेंटीमीटर रुंद. आम्ही तिथेच हिशोब मांडला. १२० मिलिमीटरच्या एका पंख्याचं तोंड साधारण ११३ चौरस सेंटीमीटर, म्हणजे तीन पंख्यांचं मिळून ३४० च्या आसपास. फट ४० सेंटीमीटर उंच, दोन बाजू मिळून ८० चौरस सेंटीमीटर. ३४० ची भूक आणि ८० चा घास. त्यातही निम्मी फट गर्द्यानं भरलेली. गर्दा म्हणजे इथल्या भाषेत धूळ, पण घाटावरचा गर्दा साधा नाही. पूर ओसरल्यावर वाळून उडणारा गाळ त्यात असतो, लाकडाचा धूर असतो, आणि शेजारच्या देवघरातल्या धूप-दिव्याची काजळी असते. ही काजळी तेलकट. ती धुळीला धरून ठेवते आणि जाळीवर नमद्यासारखा थर बसतो.

दुसरी गोष्ट. कॅबिनेट जमिनीवर, सतरंजीवर ठेवलेलं. वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसचा पंखा बहुतेक कॅबिनेटमध्ये खालच्या बाजूला तोंड करून असतो, म्हणजे तो खालून हवा ओढतो. इथे तो सतरंजीचे धागे ओढत होता. तापलेला एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो, आणि मालकाला वाटतं मदरबोर्ड गेला.

मग आम्ही एक चाचणी केली. ती कुणालाही करता येते. खोलीत ३८ अंश होते. तोच व्हिडिओ अर्धा तास चालवला आणि तापमान लिहून घेतलं: प्रोसेसर ९७, ग्राफिक्स कार्ड ८६. मग समोरची काच काढून ठेवली, कॅबिनेटखाली लाकडी पाट दिला, पुन्हा अर्धा तास. प्रोसेसर ८५, कार्ड ७४. एक रुपया खर्च नाही, एक भाग बदलला नाही. मदरबोर्डही चांगला होता आणि कार्डही. बहुतेक आजचे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की आपली गती आपणच कमी करतात. म्हणजे या पोरानं कर्ज काढून वेगवान प्रोसेसर घेतला, आणि एका काचेनं त्याला रांगायला लावलं.

चाचणीचा नियम लक्षात ठेवा: कॅबिनेटचं समोरचं झाकण काढल्यावर तापमान दोन-तीन अंशांनी उतरलं तर कॅबिनेट ठीक आहे. दहा-बारा अंशांनी उतरलं तर कॅबिनेट गळा दाबतंय.

आता थोडं गणित, कारण दुकानदार पंख्यांची संख्या सांगून भुलवतो. कॉम्प्युटर जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते. ३५० वॉट खाणारं मशीन म्हणजे कॅबिनेटमध्ये ३५० वॉटची शेगडी. ही उष्णता बाहेर नेताना आतली हवा खोलीपेक्षा फक्त दहा अंशच वाढावी असं म्हटलं, तर दर सेकंदाला सुमारे ३० लिटर हवा आरपार जायला हवी. म्हणजे सेकंदाला दोन बादल्या. पंख्याच्या खोक्यावर ‘सीएफएम’ असा आकडा असतो, त्या मापात हे ६५ च्या आसपास येतं. खोक्यावरचा आकडा मात्र पंख्यासमोर काहीही अडथळा नसतानाचा असतो. पुढे जाळी, मागे वायरींचा गुंता, मध्ये फिल्टर आला की तो बराच खाली येतो. म्हणून एका पंख्यावर भागत नाही. आणि पंख्यासमोर काच असेल तर सहा पंखे लावूनही भागत नाही. ते एकमेकांची गरम हवा आतल्या आत फिरवत बसतात.

आणखी एक गैरसमज. कॅबिनेट कितीही चांगलं असलं तरी ते आतली हवा खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. इथे मे-जूनमध्ये पारा ४४-४५ ला जातो, लू चालते. खोलीच ४० वर असेल तर आतला सगळा हिशोब ४० पासून सुरू होतो. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. थंड देशात बसून कुणी काचेच्या कॅबिनेटची तारीफ केली असेल तर त्याचा हिशोब २० अंशांपासून सुरू झालेला असतो. त्याच्याकडे चुकायला २० अंशांची उधारी आहे, आपल्याकडे नाही. उलट लेहला असताना वेगळाच धडा मिळाला. तिथे हवा थंड, पण साडेतीन हजार मीटरवर विरळ. पंखा तेवढीच हवा फिरवतो, पण त्या हवेत वजनच कमी, त्यामुळे ती उष्णताही कमी उचलते. जागा बदलली की मशीनची गरज बदलते, हे फौजीला कळतं. मग घरी खरेदी करताना आपण हे का विसरतो?

मी स्वतः विसरलो होतो. चार वर्षांपूर्वी सुट्टीवर असताना मुलाला घेऊन मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेलो. दोन वर्षं साठवलेले पैसे होते. शेवटी कॅबिनेटची वेळ आली तेव्हा मी दमलो होतो. मुलानं चमकणाऱ्या काचेकडे बोट दाखवलं आणि मी हो म्हणालो. बापाला सुट्टीत पोराला खूश करायचं असतं. पहिल्याच उन्हाळ्यात त्याचा फोन आला, “बाबा, पंखे इतके ओरडतात की आईला झोप लागत नाही.” मी तिकडून काय करणार? बाजूचं झाकण काढून ठेव म्हणालो. त्यानं ठेवलं, आणि पावसाळ्यात आत पाली शिरल्या. ती चूक दुकानाची नव्हती, माझी होती.

तर मग कॅबिनेट कसं बघावं? माझं मत सांगतो.

समोर पूर्ण जाळी हवी. दुकानात मोबाईलची बॅटरी लावून जाळीच्या मागे धरा. उजेड आरपार येत असेल तर हवाही येईल. नुसतं जाळीचं चित्र उठवलेलं प्लास्टिकही मिळतं, त्याला फसू नका. समोर १२० मिलिमीटरचे तीन किंवा १४० चे दोन पंखे हवा आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा. एवढं बहुतेकांना पुरतं. मोठा पंखा कमी वेगानं फिरून तेवढीच हवा देतो, म्हणून आवाजही कमी.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असू द्या. मग आत थोडा दाब राहतो आणि फटीफटीतून धूळ ओढली जात नाही. जी येते ती फिल्टरमधून येते. फिल्टर समोरून हातानं निघणारा आणि धुता येणारा हवा. खालचा, एसएमपीएसचा फिल्टर पुढच्या बाजूनं सरकवून काढता यायला हवा. तो काढायला कॅबिनेट आडवं करावं लागत असेल तर दुसऱ्या महिन्यापासून कुणी काढत नाही. हा माझा बॅरेकमधला अनुभव आहे: जे काम अवघड जागी असतं ते रजिस्टरमध्ये होतं, प्रत्यक्षात होत नाही.

पाय उंच असावेत, खाली निदान दोन बोटं हवा खेळली पाहिजे. मागची बाजू भिंतीपासून वीतभर लांब. टेबलाच्या बंद कप्प्यात तर मुळीच नको. पंखा कोणत्या दिशेनं फेकतो हे कळत नसेल तर उदबत्ती लावा आणि धूर कुठे जातो ते बघा. साधारणपणे ज्या बाजूला मोटार धरणाऱ्या पट्ट्या दिसतात त्या बाजूनं हवा बाहेर पडते. मी एका ठिकाणी समोरचे तिन्ही पंखे उलटे बसवलेले पाहिले आहेत, मालकाला वर्षभर पत्ता नव्हता.

यावर मुलानं मला उलट प्रश्न केले, आणि ते बरोबर होते. पहिला: “काका, माझे ग्राहक घरी येतात. दिसायला नको का चांगलं?” हवं ना. बाजूची काच राहू दे, ती हवेच्या वाटेत येत नाही. भांडण समोरच्या काचेशी आहे. काही कॅबिनेट समोर काच ठेवून खालून आणि बाजूनं भरपूर हवा घेतात, तीही चालतात, पण तिथे वाट खरोखर मोकळी आहे का हे बघूनच.

दुसरा: “पाण्याचं कूलिंग लावलं तर?” पाणी उष्णता फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतं. शेवटी तिथला रेडिएटर हवेनंच थंड व्हायचा असतो. गाडीतही पाणी असतं, म्हणून रेडिएटरसमोर काच लावतो का आपण? तिसरा प्रश्न काकांचा: “एसी घेतला तर?” खोली दहा अंशांनी थंड झाली तर आतलं तापमानही जवळपास तेवढंच उतरेल, खोटं नाही. पण विजेचं बिल बघा आणि मग ठरवा. काच तशीच ठेवून एसी घेणं म्हणजे बंद नळाखाली बादली ठेवून मोठी टाकी बांधणं.

जाळीच्या कॅबिनेटचा एक दोष मी लपवत नाही. त्यात हवा जास्त येते म्हणून धूळही जास्त येते, आणि पंख्यांचा आवाज जरा मोकळा ऐकू येतो. घाटाजवळ असाल तर दर रविवारी फिल्टर झटकायचा, महिन्यातून एकदा धुऊन पूर्ण वाळवून लावायचा, आणि पावसाळ्याच्या आधी एकदा आतून साफ करायचा, कारण दमट हवेत साचलेली धूळ चिकट होते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते भलत्या वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं. ज्याला हे करायचं नाही त्यानं जाळीचं कॅबिनेट घेऊन उपयोग नाही. देखभाल नको असेल तर कमी वीज खाणारं साधं मशीन घ्या, ते बरं.

काकांच्या मुलानं काचेचं कॅबिनेट विकून टाकलं आणि जाळीचं घेतलं. चार-साडेचार हजारांत काम झालं. जुने रंगीत पंखे त्यानं नव्यात लावलेच, मी काही बोललो नाही. कॉम्प्युटर आता पाटावर असतो, आणि तोही वरच्या मजल्यावर, देवघरापासून दोन खोल्या लांब. खालच्या मजल्याचं गंगेच्या पुराच्या दिवसांत काय होतं हे त्या घराला शिकवायची गरज नव्हती. लग्नाचा व्हिडिओ मात्र आम्ही नवीन कॅबिनेटची वाट न बघता त्याच रात्री, काच काढून, समोर टेबल फॅन लावून पूर्ण केला. पहाटे तीनला संपला. काकू तोवर जाग्या होत्या.

सकाळी निघताना काका चौकात उभे होते. जुनं घर आहे, मध्ये मोकळा चौक. खालच्या दारातून गल्लीतली सावलीतली हवा आत येते आणि तापली की चौकातून वर निघून जाते. मी त्यांना म्हणालो, “काका, तुमच्या पणजोबांनी हे घर घेतलं तेव्हा बांधणाऱ्यानं हवेची वाट आधी ठेवलेली होती, बघा.” ते म्हणाले, “हो, पण तेव्हा घर विकणारा काच दाखवत नव्हता.”

तर मंडळी, पुढच्या सुट्टीत पोराला घेऊन दुकानात गेलात की कॅबिनेट शेवटी ठेवू नका. आधी विचारा: हवा येते कुठून, जाते कुठून? दुकानदाराला दोन्ही वाटा बोटानं दाखवता आल्या तर पैसे द्या. नाहीतर पुढच्या दुकानात चला, लॅमिंग्टन रोड लांब आहे.

जय हिंद.